कमाटीबागेतलं म्युझियम : बडोद्याला येणाऱ्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर रावपुऱ्यात. मे महिना लागला की नाशिक-पुण्याकडची मंडळी येतात, दोन दिवस सेव-उसळ आणि लीला चेवडा खातात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, "ते म्युझियम बघायचं राहिलं ना गं?" मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ही जबाबदारी बिनविरोध माझ्याकडे आहे. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा बसून लिहून काढले. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण काही गोष्टींवर मला जास्त बोलावंसं वाटतं.

कमाटीबाग आणि सयाजीबाग वेगवेगळ्या का?

एकच. पाटीवर सयाजीबाग, तोंडात कमाटीबाग. रिक्षावाल्याला काहीही सांगा, तो विश्वामित्रीच्या काठी आणून सोडेल. बाग १८७९ सालची. नदीत मगरी आहेत, ही थाप नाही, पण त्या बघायला पुलाच्या कठड्यावर ओणवं होऊ नका.

लक्ष्मी विलास पॅलेसमधलं म्युझियम म्हणतात ते हेच का?

नाही. हा घोळ दरवर्षी होतो. कमाटीबागेत आहे ते बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी. ते संस्थानानं लोकांसाठी काढलं आणि आता गुजरात सरकारकडे आहे. पॅलेसच्या आवारात आहे ते महाराजा फत्तेसिंग म्युझियम. ते १९६१ साली सुरू झालं, राजघराण्याच्या संग्रहातलं आहे आणि ज्या इमारतीत आहे ती मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. तिकिटं वेगळी, ठिकाणं वेगळी. रवी वर्मा बघायचे असतील तर पॅलेसकडे, देवमासा बघायचा असेल तर बागेत. माझे एक मावससासरे देवमासा शोधत पॅलेसमध्ये दोन तास फिरले होते.

एकाच संग्रहालयाला दोन इमारती कशासाठी?

कारण ती दोन खेपांत बांधली. संग्रहालयाची सुरुवात १८८७ची, इमारत १८९४ला पुरी झाली. चित्रांसाठी वेगळी जागा हवी म्हणून शेजारी दुसरी इमारत १९०८ साली सुरू केली, ती १९१४ला तयार झाली. आणि नेमकं त्याच साली महायुद्ध पेटलं. गॅलरीसाठी घेतलेली चित्रं युरोपात अडकली. इमारत तयार, भिंती मोकळ्या, अशी सात वर्षं गेली. दारं उघडली १९२१ साली. दोन्ही इमारतींना जोडणारा एक छत असलेला पूल आहे. पोरांना तो भारी आवडतो, आणि उन्हाळ्यात मलाही.

इमारत मेजर मँट यांनी बांधली ना?

असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. पण चार्ल्स मँट १८८१ सालीच वारले. लक्ष्मी विलासचा आराखडा त्यांचा, आणि तो राजवाडाही ते गेल्यावर रॉबर्ट चिझम यांनी पुरा केला. चिझम त्याआधी मद्रासेत मोठं नाव कमावून आलेले. संग्रहालय सुरू झालं तेव्हा मँट जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा पुढचं काम चिझम यांच्याच खात्यावर मांडायला हवं. मँट यांनी "राजवाडा कोसळणार" या धास्तीनं जीव दिला, ही गोष्ट बडोद्यात प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. राजवाडा अजून उभा आहे एवढंच मी त्यावर सांगते.

ममी, देवमासा, तिबेटी चित्रं, जैन मूर्ती, इंग्लिश निसर्गचित्रं… हा काय प्रकार आहे? जुना बाजार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण विचारणारा खरंच फिरून आलेला असतो.

हे संग्रहालय ज्यांच्या काळात निघालं ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले. गोपाळराव म्हणून जन्मले १८६३ला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं तोवर शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली. १८८१च्या डिसेंबरात कारभार हाती आला आणि १८८७ला ते पहिल्यांदा युरोपला गेले. तिथं त्यांनी जे पाहिलं ते बडोद्याच्या शेतकऱ्याच्या पोराला कधी दिसणार? त्यानं बोटीवर चढायचं म्हटलं तरी कर्ज काढावं लागलं असतं. मग लंडनला कलेचं आणि विज्ञानाचं संग्रहालय आहे तसं इथंच करायचं ठरलं, दोन्ही एकाच छताखाली.

हे सुटं काम नव्हतं. १८९०ला कलाभवन, म्हणजे कला आणि कारागिरी शिकवणारी शाळा, निघालं, १८९३ला अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ला तो साऱ्या संस्थानात लागू झाला, १९१०च्या सुमारास अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली. संग्रहालय त्याच रांगेतलं. म्हणून त्याला जुना बाजार म्हणू नका, शाळेचा वर्ग म्हणा. वर्गात एका भिंतीवर नकाशा, दुसरीवर पानांचे प्रकार, कोपऱ्यात सांगाडा असतोच की.

आणखी एक खूण सांगते. १८९५ साली संग्रहालय लावायला जे साहेब आणले ते जे. एफ. ब्लेक, भूगर्भशास्त्रज्ञ. चित्रकार नाही की कलासमीक्षक नाही. त्याच्या थोडं आधी रॉबर्ट ब्रूस फूट बडोद्याच्या नोकरीत होते, ज्यांना हिंदुस्थानातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाचे जनक मानतात. त्यांचं बडोदा संस्थानच्या भूगर्भावरचं पुस्तक १८९८ला निघालं. तेव्हा दगडगोट्यांच्या कपाटांपुढून नाक मुरडून जाऊ नका.

तो देवमासा खरा आहे का? पिल्लू आहे असं ऐकलं.

सांगाडा खरा आहे. निळा देवमासा. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी, खंबातच्या आखाताच्या चिखलात येऊन पडला. आपली खाडी भरतीला जेवढी आत येते तेवढीच ओहोटीला झपाट्यानं मागे सरकते. एवढं धूड एकदा टेकलं की उठायचं नाही.

पण "पिल्लू" या शब्दाशी माझं भांडण आहे. सांगाडा सत्तर फुटांच्या वर आहे. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच तेवीस-चोवीस फुटांचं असतं, हे खरं, आणि आईचं दूध तोडेपर्यंत पन्नासेक फुटांचं होतं. सत्तर फुटांचा म्हणजे तो अंगावरचं दूध कधीच सोडलेला, वयात यायला टेकलेला तरणा होता. माझ्या भाच्यानं तो पावलांनी मोजला. शेपटीपर्यंत पोचायला त्याला पस्तीसहून जास्त पावलं लागली, मग तो म्हणाला, "आत्या, दोन शिटी बस!" हिशेब जवळपास बरोबर आहे, एक बस चाळीस फुटांची धरा.

तिथं उभे असाल तर त्याच्या पंखाकडे, म्हणजे कल्ल्यांच्या जागी जे वल्ह्यासारखं असतं त्याकडे बघा. देवमाशाच्या त्या वल्ह्याच्या आत दंडाचं हाड असतं, कोपराखालची दोन हाडं असतात, मनगटाचे खडे असतात आणि बोटांच्या कांड्या असतात. आपल्या हाताचाच आराखडा, फक्त पाण्यासाठी ताणलेला. मुलांना हे दाखवलं की ती आपापले हात उघडून बघतात. दात शोधू नका, या जातीला नसतात. टाळ्याला लटकणाऱ्या झालरीतून तो पाणी गाळून बारीक कोळंबीसारखे जीव खातो.

ममी कुठली?

इजिप्तची, खरी. देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ममी आहेत, त्यातली ही एक. एवढंच. तिच्याभोवती कायम गर्दी असते आणि ती काचेपलीकडे झोपून असते. मृत बाईमाणसाचं शरीर आहे एवढं ध्यानात ठेवून मुलांना हळू बोलायला सांगा.

टर्नर आणि कॉन्स्टेबल यांची अस्सल चित्रं आहेत म्हणे?

त्यांची नावं इथल्या संग्रहात आहेत. पण चित्रदालनात शिरण्याआधी पाटी वाचायची कला शिकून घ्या, मी वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

पाटीवर नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर संग्रहालय म्हणतंय की हे त्यानं काढलं. "अमक्याच्या नावावर" म्हटलं असेल तर जाणकारांचा तसा कयास आहे. "अमक्याच्या परंपरेतलं" म्हणजे त्याच्या शिष्यानं, कारखान्यातल्या कुणी किंवा त्याच्या वळणाच्या माणसानं. आणि "अमक्यावरून" म्हणजे चक्क नक्कल. या चार शब्दांत आभाळाएवढं अंतर असतं, बाजारभावात तर विचारूच नका.

मग नकला का टांगल्या? कारण त्या मुद्दाम मागवलेल्या होत्या. इटलीतल्या चर्चच्या भिंतीवरचं चित्र विकत मिळत नाही. त्याची उत्तम नक्कल करून आणली तर कलाभवनातल्या पोराला निदान रचना आणि रंग तरी कळतील, असा रोकडा विचार. युरोपियन चित्रांची निवड करायला मॅरियन स्पीलमन नावाचे लंडनचे नामांकित समीक्षक सल्लागार होते. त्यांनी एका संस्थानिकासाठी भिंती भरल्या असं समजू नका, त्यांनी अभ्यासक्रम आखला. त्यांच्या काळात ज्यांना मोठं मानत, असे कितीतरी इंग्लिश चित्रकार इथं आहेत आणि आज त्यांची नावं इंग्लंडातही कुणाला आठवत नाहीत. मला त्यांच्यापुढे थांबायला फार आवडतं. १९१० साली लंडनच्या माणसाला "चांगलं चित्र" म्हणजे काय वाटायचं, ते तसंच्या तसं मुरवून ठेवलंय.

जर्मन माणसांचा इथं काय संबंध?

मोठा आहे, आणि बडोदेकरांनाही फारसा ठाऊक नसतो. हिटलर सत्तेवर आल्यावर एर्न्स्ट कोन-वीनर हे ज्यू कलाइतिहासकार बर्लिन सोडून निघाले. मध्य आशियातल्या वास्तुकलेचे ते जाणकार. सयाजीरावांनी १९३४ साली त्यांना बडोद्यात संग्रहालयाच्या कामावर घेतलं. १९३९ला ते अमेरिकेला गेले आणि दोनच वर्षांत वारले.

त्यांच्यानंतर आले हेरमान गोएट्झ. हॉलंडमधल्या लायडनला काम केलेले, १९३६ला हिंदुस्थानात आले आणि पुढे इथले संचालक झाले. संग्रहालयाचं स्वतःचं संशोधन-नियतकालिक त्यांनी सुरू केलं, मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांवर भरपूर लिहिलं. १९५४ला दिल्लीत आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय निघालं तेव्हा पहिले प्रमुख म्हणून बोलावणं गेलं ते यांनाच. मधल्या काळात, १९५२ साली, इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. वस्तू कशी जपायची, कशी मांडायची, नोंद कशी करायची, हे पदवीसाठी शिकवणं देशात पहिल्यांदा बडोद्यात झालं. प्रयोगशाळा बागेतच तयार होती ना!

एकच गोष्ट बघायला वेळ आहे. काय बघू?

अकोट्याच्या मूर्ती.

ममी नाही, देवमासा नाही, टर्नर तर नाहीच. हे मी इतक्या ठामपणे सांगते म्हणून घरचे हसतात. हसू देत.

अकोटा म्हणजे आज बडोद्याचा एक भाग. स्टेशनच्या पलीकडे, फ्लॅट आणि दवाखान्यांचा. तिथं १९५१ साली जमिनीतून अडुसष्ट जैन कांस्यमूर्तींचा साठा निघाला. सुमारे सहाव्या शतकापासून अकराव्या-बाराव्या शतकापर्यंतच्या. उमाकांत शाह या बडोद्याच्याच विद्वानानं त्यांचा कसून अभ्यास करून १९५९ला ग्रंथ लिहिला आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या धातुशिल्पाचा इतिहास नव्यानं मांडावा लागला. तोवर अशी समजूत की उत्तम ओतकाम म्हणजे दक्षिणेचं, चोळांचं. ही मंडळी चोळांच्या कितीतरी आधीची निघाली.

तीन मूर्ती शोधून बघा.

पहिली ऋषभनाथांची, उभी. मोडलेली आहे. पण डोळे बघा, त्यांत चांदी बसवलेली आहे. दिव्याचा उजेड कोनातून पडला की दीड हजार वर्षांनंतरही ती नजर तुमच्यावर रोखल्यासारखी होते. आणि आता खाली बघा : अंगावर धोतर आहे. तुम्ही म्हणाल त्यात काय. तीर्थंकर वस्त्रात दाखवायचे की दिगंबर, यावरूनच तर जैनांत दोन पंथ ओळखू येतात, आणि तीर्थंकराच्या अंगावर वस्त्र दाखवणाऱ्या ज्ञात मूर्तींत ही सर्वांत जुनी आहे. पंथभेदावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या गेल्या, आणि इथं तो एका ओतकाऱ्यानं कमरेच्या चुण्यांत दाखवून ठेवलाय.

दुसरी जीवंतस्वामींची. महावीरांनी संसार सोडण्याआधीचं रूप, म्हणून मुकुट आहे, दागिने आहेत, नक्षीचं धोतर आहे. राजपुत्र आहेत ते अजून, पण उभे राहिलेत ध्यानाला. हे एकाच शरीरात दाखवणं किती अवघड आहे हे चित्र काढायला बसलात की कळेल. इथल्या एका जीवंतस्वामींच्या पीठावर लेख आहे. ही प्रतिमा चंद्रकुलातल्या नागीश्वरी नावाच्या श्राविकेनं दिली, असं त्यात आहे. कुणी राजा नाही, सेनापती नाही, गावातली एक बाई. तिच्याबद्दल याहून एक अक्षर शिल्लक नाही, आणि मला तिच्याविषयी दिवाणांपेक्षा जास्त कुतूहल आहे.

तिसरी चामरधारिणी, आठव्या शतकाच्या सुमाराची. देवाला चवरी ढाळणारी सेविका. देहाला तीन ठिकाणी हलका बाक, ज्याला त्रिभंग म्हणतात, आणि कमरेच्या वस्त्रावर नक्षीचे पट्टे. ती मुख्य देवता नाहीच, बाजूला उभी राहणारी आहे. कदाचित म्हणूनच कारागिराचा हात तिच्यावर इतका मोकळा चालला असावा. देवाच्या अंगोपांगांची मापं शास्त्रानं बांधून दिलेली, सेविकेच्या बाबतीत एवढा काच नसतो.

त्या मूर्ती घडवल्या कशा?

मेण गाळून. आधी मेणाची मूर्ती करायची, अगदी दागिन्यांच्या मण्यांपर्यंत. तिच्यावर आधी गाळीव मातीचा पातळ हात, मग जाड मातीचे थर. वाळलं की भट्टीत धरायचं. मेण वितळून भोकातून निघून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्यात तांबं आणि कथील यांचा रस ओतायचा. थंड झालं की साचा फोडायचा. फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती, दुसरी जुळी मिळणार नाही. रसात हवेचा बुडबुडा अडकला तर नाकाच्या जागी खड्डा, आणि महिन्याची मेहनत पुन्हा भट्टीत.

अकोटा जवळच आहे म्हणालात. मग बडोद्याचं काय होतं तेव्हा?

बडोदा हे अकोट्याचं खेडं होतं! ८१२ सालचा राष्ट्रकूट राजा कर्क याचा ताम्रपट आहे, त्यात वटपद्रक हे गाव दान दिल्याचं लिहिलंय आणि ते कुठलं, तर अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांपैकी एक. वटपद्रक म्हणजे वडाच्या झाडांचं गाव, त्याचं वडोदरा झालं. अंकोट्टक म्हणजे अकोटा. मोठं शहर ते होतं. पुढे नदीच्या दोन काठांनी जागा बदलल्या. अकोट्याला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितल्यापासून ती आम्हा रावपुऱ्याच्या लोकांना "आमची रयत" म्हणते.

दगडी मूर्तींचं दालन वगळलं तर चालेल?

शामळाजीच्या मूर्ती वगळू नका. उत्तर गुजरातेत मेश्वो नदीकाठी शामळाजी आहे, तिथल्या पाचव्या-सहाव्या शतकांतल्या. निळसर-हिरवट पाषाण, त्यात मातृका, म्हणजे मातृदेवता, कडेवर पोर घेतलेल्या. पोराचा पाय आईच्या कमरेला कसा घट्ट धरलेला असतो ते बघा. ज्यानं कोरलं त्याच्या घरात तान्हं मूल असणार.

शामळाजीजवळच देवनी मोरीचा बौद्ध स्तूप होता. १९६० ते १९६३ दरम्यान विद्यापीठानं तिथं उत्खनन केलं, पुढे तो परिसर धरणाच्या पाण्याखाली गेला. तिथला अवशेषांचा करंडक बरेच जण या संग्रहालयात विचारत येतात. तो इथं नाही, विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे.

रवी वर्मा आणि बडोदा हे नातं कसं जुळलं?

दिवाणामुळे. सर टी. माधवराव तंजावरी मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण होते, तिथं रवी वर्मांना ओळखत होते, आणि १८७५ ते १८८२ बडोद्याचे दिवाण होते. सयाजीरावांच्या हाती कारभार आला त्या सुमारास रवी वर्मा बडोद्याला आले. पुढे १८८८ला महाराजांनी पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. ती १८९०ला पुरी झाली. आज पॅलेसकडच्या संग्रहालयात शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा, नल-दमयंती यांच्यासमोर उभं राहिलात तर एक गोष्ट जाणवेल : यांची तुमच्या आजीच्या देवघराशी, कॅलेंडरशी ओळख आहे.

तीही माधवरावांचीच कल्पना. एवढी मागणी एका हातानं पुरी होणार नाही, तेव्हा चित्रं छापून काढा, असं त्यांनी १८८४ साली पत्रात सुचवलं. दहा वर्षांनी मुंबईत गिरगावात छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं काही काळ काम केलेले एक गृहस्थ बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकलेले होते. नाव धुंडिराज गोविंद फाळके.

बडोद्याचा मोत्यांचा गालिचा कुठल्या दालनात?

कुठल्याच नाही. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास मदिनेच्या पैगंबरांच्या कबरीसाठी म्हणून तो करवून घेतला, अशी त्याची ख्याती. १८७० साली खंडेराव गेले आणि तो तिकडे पोचलाच नाही. २००९ साली दोहामध्ये लिलाव झाला, सुमारे पंचावन्न लाख डॉलरला गेला आणि आता तो कतारमध्ये आहे. एका मराठा राजानं मदिनेसाठी मोती ओवून घेतले, एवढं मात्र पाहुण्यांना मी आवर्जून सांगते.

लघुचित्रांच्या दालनात एवढा अंधार का? वीज वाचवतात का?

कागदावरचे रंग उजेडानं उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांना साधारण पन्नास लक्सपर्यंतच उजेड देतात, तेलरंगांना त्याच्या चौपट चालतो. आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसते थांबा, डोळे रुळतात. मग जवळ जा. लघुचित्र हातात धरून बघण्यासाठीच काढलेलं असतं, भिंतीवरून बघणं ही नंतरची सोय. मोबाईलचा फ्लॅश मारू नका.

लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर आहेत. किती वेळ ठेवावा?

सकाळी उघडल्या उघडल्या जा, अडीच तास. मुलांना आधी देवमासा दाखवून टाका, नाहीतर ती प्रत्येक दालनात तोच कुठाय विचारतात. आजी-आजोबांना पायऱ्या आहेत हे आधीच सांगा. दर आणि वेळा बदलतात, सुट्टीचा वार तर दोन्ही संग्रहालयांचा निघण्याआधी फोन करून विचाराच. सुट्टी निघाली तर बागेत प्राणिसंग्रहालय आहे, सकाळ फुकट जात नाही.

संग्रहालय बघून झालं. अजून अर्धा दिवस आहे.

कीर्ती मंदिरला जा. बागेपासून लांब नाही. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधलेल्या या वास्तूत आत नंदलाल बोस यांची चार भित्तिचित्रं आहेत : गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. १९३९ पासून १९४६ पर्यंत शांतिनिकेतनहून खेपा घालत त्यांनी ती काढली. इतकी मोठी गोष्ट आणि आत बहुतेकदा आपण एकटेच.

दुसरं, रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा. लाकडी मराठी वाडा, आत भिंतीभर चित्रं, रामायण-महाभारतापासून टोपीवाल्या इंग्रजांपर्यंत. आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं, तेव्हा तिथपर्यंत आलात तर चहाला या.

आणि चित्रकलेची आवड असेल तर विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी बाहेरून तरी बघा. १९५० साली सुरू झाली. तिथं चित्रकला विभाग उभा करणारे नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, तिथंच देवळालीकर मास्तरांकडे शिकलेले. इंदूर आणि बडोदा अशा धाग्यांनी बांधलेले आहेत, ग्वाल्हेरकरांनी राग मानू नये.

आत बसून चित्र काढू देतात का?

रखवालदाराला विचारा, गुजरातीत विचारलंत तर आणखी बरं. पेन्सिल आणि लहान वही असेल तर सहसा कुणाची हरकत नसते. पाण्याचे रंग, शाई काढू नका. मी दर पावसाळ्यात एकदा चामरधारिणीसमोर बसते. खांदा आणि कंबर साधतात, मानेचा तो किंचितसा कल मात्र दरवेळी चुकतो. गेल्या खेपेला शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली, माझ्या वहीत डोकावली, मग मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाली, "काकी, ती थकलीये. तुमची नाही थकलेली." मी खोडरबर काढलं.